बादली रिकामी कुठे होते? सोलापुरातल्या एका डाळ मिलच्या एलिव्हेटरचं प्रकरण

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली होती. बाजारात नव्या तुरीची आवक जोरात होती, आणि नेमक्या त्याच दिवसांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या शेठचा फोन आला. "ताई, एलिव्हेटरचा वेग दीडपट करून घेतला, तरी माल वाढेना. उलट तुकडा वाढलाय. बूट तर दिवसातून दोनदा तुंबतो. एकदा येऊन बघा की."

एलिव्हेटर म्हणजे इथे बादल्या लावलेला, माल वर चढवणारा उभा पट्टा. बूट म्हणजे त्याचं तळाचं टोक, जिथे बादल्या भरतात. तुकडा म्हणजे फुटलेला दाणा. मिल मध्यम आकाराची आहे. तूर चाळून झाली की पहिल्या रोलरवर तिच्या सालाला ओरखडे पाडतात, मग तेल लावतात, मुरवत ठेवतात, पाणी मारतात, खळ्यावर उन्हात वाळवतात आणि त्यानंतर सोलायच्या रोलरवर नेतात. या सगळ्या फिरतीत मधला एलिव्हेटर दोनदा कामाला येतो: तेल लावलेली तूर मुरवणीच्या टाकीत चढवायला आणि खळ्यावरून वाळून आलेली तूर सोलायच्या रोलरच्या हौद्यात टाकायला. वरच्या चुटीत, म्हणजे माल उतरतो त्या घसरणीत, झडप आहे, ती इकडून तिकडे फिरवली की माल हवा तिकडे जातो.

एलिव्हेटरची उंची ११ मीटर. वरची पुली, म्हणजे हेड पुली, ४०० मिलिमीटर व्यासाची. पट्ट्यावर दर २०० मिलिमीटरला पत्र्याची एक बादली, काठोकाठ भरली तर ४५० मिलिलिटर मावणारी. मोटर २ हॉर्सपॉवरची. पूर्वी हेड पुलीचे मिनिटाला ६२ फेरे होत आणि ताशी ६ टनांच्या आसपास माल वर जायचा. तेवढ्यात मिलचं भागत होतं. गेल्या हंगामात सोलायचा नवा, मोठा रोलर आला आणि त्याला ताशी ८ टन तूर लागायला लागली. जवळच्याच एका वर्कशॉपने सोपा उपाय काढला: मोटरवरची ४ इंची व्ही-पुली काढून ६ इंची बसवली. हेड पुलीचे फेरे ६२ वरून ९२ वर गेले. हिशेब सरळ दिसत होता. वेग दीडपट म्हणजे माल दीडपट, ६ चे ९ टन.

माल ९ टन झाला नाही. का झाला नाही, ते कसं सापडलं आणि पुढे काय केलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. हीच चूक मी या जिल्ह्यात धान्याच्या, साखरेच्या आणि राखेच्या एलिव्हेटरवरही पाहिली आहे, आणि दर वेळी खर्च चुकीच्या टोकाला झालेला असतो.

राहाट आणि गोफण

एलिव्हेटर बिघडला की सगळे खाली वाकतात. बुटात माल साचलेला दिसतो, पट्टा घसरताना दिसतो, मोटर गरम लागते. हे सगळं खालीच दिसतं, म्हणून दुखणंही खालीच असेल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेक वेळा सूज पायाला असते आणि दुखणं डोक्यात. बादली भरणं त्या मानाने सोपं काम आहे. ती वर गेल्यावर नेमक्या क्षणी, नेमक्या जागी आणि पूर्ण रिकामी झाली पाहिजे, हे अवघड आहे. त्या अर्ध्या सेकंदाच्या आत एलिव्हेटरची खरी क्षमता ठरते.

जुन्या विहिरीवरचं राहाटगाडगं आठवा. गाडगी सावकाश वर येतात, वळसा घेताना कलंडतात आणि पाणी स्वतःच्या वजनाने पन्हळीत पडतं. तिथे वेगाचा काही संबंध नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. आता जोंधळ्याच्या शेतातल्या माळ्यावरून पाखरं हाकणारी गोफण आठवा. तिथे दगड पडत नाही, तो सुटतो. फिरण्याच्या जोराने बाहेर ओढला जातो आणि दोरी ज्या क्षणी सोडली त्या क्षणाच्या दिशेने जातो. दोरी क्षणभर आधी सोडली तर दगड आभाळात, उशिरा सोडली तर पायाशी.

उद्योगातले बादली-एलिव्हेटर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. धान्याचे एलिव्हेटर बहुधा गोफणीच्या जातीचे. पुलीवर वळताना दाणे बाहेर फेकले जातात आणि हुडच्या, म्हणजे पुलीवरच्या पत्र्याच्या टोपाच्या, उतारावरून चुटीत उतरतात. राहाटाच्या जातीचे जे असतात त्यांत बादल्या एकीला एक लागून असतात, वेग कमी असतो, आणि वळल्यावर पुढच्या बादलीची पाठ मागच्या बादलीसाठी पन्हळीसारखी होते, माल तिच्यावरून घसरत खाली येतो. ठिसूळ किंवा खडेदार मालाला, तसंच हवा धरून फुगणाऱ्या पावडरीला हाच प्रकार बरा. तिसरा प्रकार चिकट मालाचा. त्यात साखळीवरच्या बादल्या हेडच्या पलीकडे एका लहान चाकाने आत ओढून अक्षरशः पालथ्या घालतात, म्हणजे माल सरळ खाली चुटीत पडतो.

गोफणीच्या जातीत नेमका वेग किती, हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. बादली पुलीच्या माथ्यावर असताना बाहेर फेकणारा जोर आणि खाली ओढणारं वजन बरोबरीत आलं, की दाणे बादलीत जणू तरंगतात आणि माथा ओलांडताच सहज सुटतात. ही बरोबरी गाठायला मिनिटाला किती फेरे लागतात याचा साधा हिशेब आहे: ३० ला त्रिज्येच्या वर्गमुळाने भागायचं, त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची. ही त्रिज्या म्हणजे शाफ्टपासून बादलीतल्या दाण्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर. इथे पुलीची त्रिज्या २०० मिलिमीटर, पट्टा ६, आणि बादलीचा अर्धा पुढावा (पट्ट्यापासून ती जेवढी बाहेर येते त्याचा निम्मा) ५० च्या आसपास, असे मिळून सुमारे २५५ मिलिमीटर. ०.२५५ चं वर्गमूळ ०.५०५. ३० भागिले ०.५०५ म्हणजे ५९ फेरे आणि थोडे वर.

म्हणजे मिल जेव्हा ६२ फेऱ्यांवर चालत होती, तेव्हा ती नेमकी जिथे हवी तिथे होती. ज्या कोणी मूळ एलिव्हेटर बनवला होता, त्याने काळजीपूर्वक बनवला होता.

फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ५९ चे ९२ झाले की तो वजनाच्या जवळजवळ २.४ पट होतो. मग दाणे माथ्यापर्यंत थांबत नाहीत. बादली चढतानाच, वळणाच्या पहिल्या भागात, बाहेरच्या कडेवर चढून सुटतात. सुटतात ते पुढे नाही, वर. समोर हुडचं छत असतं. दाणा छतावर आदळतो, परततो, आणि खाली जिथे वाट मिळेल तिथे पडतो. कधी चुटीत, पण बरेचदा बादल्या खाली उतरतात त्या पोकळ खांबात. तो पुन्हा बुटात जातो, पुन्हा बादलीत भरला जातो, पुन्हा वर येतो. मोटर तोच दाणा दोन-दोन, तीन-तीन वेळा चढवते आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बादल्या भरून चालल्यात, म्हणजे माल चाललाय.

हेच दुसऱ्या बाजूने बघायची एक रीत आहे, मला ती फार आवडते. वजन आणि फेकणारा जोर यांची बेरीज करणारी रेषा बादली कुठेही असली तरी शाफ्टच्या बरोबर वर असलेल्या एकाच बिंदूतून जाते. त्याची उंची मीटरमध्ये हवी असेल तर ८९५ ला फेऱ्यांच्या वर्गाने भागायचं. ६२ फेऱ्यांना तो बिंदू शाफ्टच्या २३३ मिलिमीटर वर येतो, म्हणजे पुलीच्या कडेच्या जरा बाहेर, बादलीच्या पोटात. ९२ फेऱ्यांना तो १०६ मिलिमीटरवर, पुलीच्या आत खोल जातो. बिंदू पुलीच्या आत गेला की सगळे दाणे बाहेरच्या कडेकडे दाबले जातात. तो बादलीच्याही बाहेर, वर गेला, म्हणजे वेग फार कमी झाला, की दाणे पट्ट्याच्या बाजूला झुकतात आणि उशिरा, चुटीचं तोंड चुकवून पडतात. एक कागद, एक कंपास आणि या बिंदूची उंची एवढ्यावर हेडमध्ये काय चाललं असेल ते घरी बसून काढता येतं.

हे ५९ म्हणजे देवाने आखलेली रेघ मात्र नाही. मोठमोठ्या धान्य गोदामांत याहून बऱ्याच जास्त वेगाचे एलिव्हेटर चालतात, आणि नीट चालतात. तिथे हुड उंच आणि फेकीच्या वाटेला समांतर वळवलेलं असतं, बादल्याही उथळ, वेगळ्या घडणीच्या असतात. इथे हुड जुनं होतं, ६२ साठी बनवलेलं. त्याच्याखाली ९२ फेरे फिरवले जात होते.

त्या दिवशी काय पाहिलं

मी गेले तेव्हा मिल चालू होती. फोरमन मामा या मिलमध्ये वीस वर्षांपासून आहेत. त्यांनी येताच हेडखाली उभं केलं. "ऐका मॅडम." वर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येत होता. "आधी असा आवाज नव्हता. दाणे वरच नाचायलेत." निदान त्यांनी आवाजावरूनच केलं होतं. मी पुढे जे केलं ते त्यांच्या म्हणण्याला आकडे जोडण्याचं काम.

पहिलं काम फेरे मोजायचं. पुलीच्या शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि मोबाइलवर मिनिट लावलं. ९२.

दुसरं, कट्ट्याचा वेळ. चुटीच्या तोंडाखाली ५० किलोचा कट्टा धरायचा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. पाच वेळा घेतलं, सरासरी २८ सेकंद आली. म्हणजे ताशी ६.४ टन. कागदावर ९ यायला हवे होते.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत जास्त सांगून जाते आणि तिला कुठलंही उपकरण लागत नाही. बुटात माल सोडणारी खालची झडप एकदम बंद करायची आणि वर धार किती वेळ चालते ते मोजायचं. पट्टा सेकंदाला १.९३ मीटर धावत होता. ११ मीटर चढायला त्याला सहा सेकंद पुरतात, बुटातला उरलेला माल उचलायला आणखी थोडे. धार पंधरा सेकंदांत आटायला हवी. ती ४५ सेकंद चालली. आधी जाड, मग बारीक, मग दोन-चार दाणे, थोडं थांबून पुन्हा दोन-चार दाणे. परत खाली पडलेले दाणे पुन्हा पुन्हा वर येत होते, प्रत्येक फेरीला थोडे कमी होत. त्या थांबत थांबत येणाऱ्या दाण्यांकडे बघून शेठ म्हणाले, "म्हणजे माझीच तूर मीच चढवायलोय, परत परत." हो, तेच.

मग मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून मामांनी खिशात घातले, आणि हेडचं झाकण उघडलं. आतून हुडवर लाल ऑक्साइडचा जुना रंग होता. त्यात माथ्याच्या अलीकडे, बादल्या चढतात त्या बाजूला, हातभर लांबीचा पत्रा उघडा पडून चकाकत होता. बोट फिरवलं तर गुळगुळीत, भांडं घासून काढल्यासारखा. चुटीकडच्या उतारावर, जिथे दाणे उतरायला हवेत, तिथे मात्र जुन्या चकाकीवर भुशाची मऊ साय बसली होती. पूर्वी दाणे तिथे लागत होते, आता लागत नव्हते. पत्र्याने स्वतःवर सगळं लिहून ठेवलं होतं.

त्याच झाकणात आम्ही पारदर्शक पॉलिकार्बोनेटची खिडकी बसवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी, सगळं बंदिस्त असताना, बाहेरून बॅटरीच्या उजेडात मोबाइलवर स्लो-मोशन चित्रण केलं. बादली वळणावर येते, तिच्या ओठावर दाण्यांची एक भिंत उभी राहते, फुटते आणि सरळ छताला जाऊन धडकते. बादली माथ्यावर पोचते तेव्हा निम्मी रिकामी झालेली असते. मिलमधल्या सगळ्यांनी ते पाच-सात वेळा बघितलं. चालू मशीनचं झाकण उघडून कोणी आत वाकून बघू नये, म्हणून ही खिडकी. तिला फारसा खर्च येत नाही.

तुकडा का वाढला तेही यातच आलं. ६२ फेऱ्यांना दाणा बादलीच्या ओठावरून सेकंदाला सुमारे २ मीटरने सुटतो, ९२ ला सुमारे ३ मीटरने. आदळण्याची ऊर्जा सव्वादोन पट. शिवाय तो आदळतो तिरका नाही, जवळजवळ काटकोनात. आणि दाणा कोणता, तर तेल-पाणी खाऊन, सोलापूरच्या उन्हात कडक वाळून साल सुटायला तयार झालेला. असा दाणा छताला लागला की साल अंगावर असतानाच फुटतो. मग पुढच्या रोलरवर त्याचा उघडा पडलेला पांढरा भाग घासला जातो आणि त्याची पावडर होऊन चुणीत जाते. डाळीच्या धंद्यात नफा म्हणजे शंभर किलो तुरीतून अख्खी डाळ किती उतरली, एवढंच. तो असा हुडच्या पत्र्यावर आपटून वाया जात होता आणि खापर मात्र रोलरवर फुटत होतं. नव्या रोलरची दगडं बदलायचीही तयारी सुरू झाली होती. ती थांबवली.

पहिला उपाय, आणि पडलेले चेहरे

मी सांगितलं, ४ इंची पुली परत बसवा. अर्ध्या तासाचं काम होतं. फेरे पुन्हा ६२ झाले. गारांचा आवाज बंद झाला, धार झडप बंद केल्यावर सतरा-अठरा सेकंदांत आटली, खाली नमुन्यात तुकडा डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

आणि कट्टा भरायला ३४ सेकंद लागले. ताशी ५.३ टन. आधी जेवढा माल येत होता त्याहूनही कमी.

शेठ काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच. त्यांना ८ टन हवे होते आणि मी ६.४ चे ५.३ करून दिले होते. बारीकसारीक शक्यता मनात येत होत्या, पण एक गोष्ट टोचत होती. याच वेगाला, याच बादल्यांनी पूर्वी ६ टन येत होते. हिशेबही तेच सांगत होता: सेकंदाला साडेसहा बादल्या, प्रत्येकीत ४५० मिलिलिटरचा पाऊण भाग भरतो, तुरीचं वजन लिटरला सुमारे ७८० ग्रॅम. ताशी ६.१ टन येतात. मग पाऊण टन कुठे गेला?

मामांना म्हटलं, पाच-सहा बादल्या काढून द्या. काढल्या. तळाशी काळपट, कडक थर होता. तुरीला लावलेलं तेल, सालाचा बारीक भुसा आणि पाणी यांचा मिळून तयार झालेला चिकटा, हंगामामागून हंगाम साचून लाकडासारखा झालेला. पटाशीने खरवडल्यावर तो खापरीसारखा तुकड्या-तुकड्यांनी निघाला. एक बादली न खरवडता तुरीने काठोकाठ भरली, वजन २९० ग्रॅम. खरवडून भरली, ३५० ग्रॅम. प्रत्येक बादलीने ६० ग्रॅम जागा गिळली होती. आणि चिकट्याचा आणखी एक उपद्रव होता. आतला गुळगुळीत उतार खडबडीत झाल्यामुळे शेवटचे दाणे उशिरा सुटत होते.

हा थर दिसला तेव्हा जुन्या कोड्याचाही एक भाग सुटला. ९ टनांतून जे अडीच टन गायब होते, ते सगळे परत पडत नव्हते. त्यांतले काही बादलीत मावतच नव्हते, काही या वेगाला बादल्या नीट भरत नसल्यामुळे सुटत होते, उरलेले छतावरून परतत होते. मी पहिल्या दिवशी सगळा दोष परतणाऱ्या दाण्यांवर टाकला होता, तो पूर्ण बरोबर नव्हता. बादल्या पहिल्याच दिवशी काढून बघायला हव्या होत्या.

दुसरी गोष्ट चुटीच्या ओठाशी होती. हेडमध्ये चुटीचं तोंड सुरू होतं तिथे, उतरणाऱ्या बादल्यांच्या अगदी जवळ, रबराची एक पट्टी असते. मधल्या फटीतून दाणे खाली पडू नयेत म्हणून ती असते. इथली पट्टी झिजून निम्मी उरली होती आणि फट ७० मिलिमीटर झाली होती. नेमक्या वेळी सुटलेले दाणेसुद्धा उतारावरून येता येता त्या फटीत पडत होते. जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा कापून, लांबट भोकं पाडून, मागेपुढे सरकवता येईल असा बसवला. बादलीपासून अंतर १२ मिलिमीटर ठेवलं. पट्टा डोलतो, बादल्या सगळ्या एका उंचीच्या नसतात, म्हणून त्याहून जवळ गेले नाही. झडप बंद केल्यावरची धार आता बारा सेकंदांत थांबली. बादल्या खरवडून आणि ओठ बसवून कट्टा २९ सेकंदांवर आला, ६.२ टन.

वेग न वाढवता माल

आता ६.२ चे ८ करायचे होते आणि वेगाला हात लावायचा नव्हता. उरतात दोन वाटा: बादली मोठी करायची किंवा बादल्या वाढवायच्या. मोठी बादली म्हणजे पुढावा जास्त. मग ती हुडला आणि खांबाच्या पत्र्याला भिडते, सुटण्याची त्रिज्या बदलते, सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बादल्या वाढवणं सरळ होतं. २०० मिलिमीटरऐवजी १५० मिलिमीटरवर एक. पट्ट्याची लांबी २३ मीटरच्या आसपास, म्हणजे ११६ च्या जागी १५५ बादल्या. हिशेबाने ताशी ८.२ टन.

फार जवळ आणल्या तर मागच्या बादलीतून सुटलेला माल पुढच्या बादलीच्या पाठीवर आदळतो, हे बघावं लागतं. म्हणून १५० वर पक्कं करण्याआधी पट्ट्याच्या तीन मीटर भागावर त्या अंतराने बादल्या लावून खिडकीतून पुन्हा चित्रण केलं. फेक मोकळी होती.

जुन्याच पट्ट्याला नवी भोकं पाडायचा विचार शेठनी मांडला. मी नाही म्हटलं. २०० आणि १५० ची भोकं दर ६०० मिलिमीटरलाच जुळतात, बाकी सगळीकडे नवी भोकं जुन्यांच्या मध्ये येतात आणि पट्टा चाळणीसारखा होतो. मग तो भरल्या बादल्यांसकट केव्हा तुटेल याचा भरवसा नाही. नवा पट्टा घेतला, आणि बादल्या पत्र्याऐवजी प्लास्टिकच्या. एकतर त्यांना चिकटा कमी धरतो. दुसरं म्हणजे, बादली सैल होऊन पत्र्याला घासली तर ठिणगी उडत नाही. प्लास्टिकमुळे स्थिर वीज साठू शकते, म्हणून पट्टा ती वाहून नेणारा घेतला आणि पूर्ण सांगाड्याला अर्थिंग करून घेतलं.

मोटर पुरेल का, ही शेठची शंका होती. ८ टन माल तासात ११ मीटर चढवायला शुद्ध ताकद पाव किलोवॉटच्याही आत लागते. मोटर दीड किलोवॉटची. बाकीची ताकद बुटात साचलेल्या मालातून बादल्या ओढताना आणि घर्षणात जाते. बूट तुंबायचं थांबलं की मोटरला उलट हलकं वाटतं, आणि तसंच झालं.

ठिणगीबद्दल एवढं का लिहिते आहे, तर बूट तुंबणं ही नुसती कामाची खोटी नसते. तुंबलेल्या बुटात पट्टा अडकतो, वर हेड पुली त्याच्यावर घसरत फिरत राहते, रबर तापतं, आणि सभोवती बंदिस्त खांबात धान्याची कोरडी धूळ तरंगत असते. १९७७ च्या डिसेंबरात अमेरिकेत लुइझियानातल्या वेस्टवेगो इथे धान्याच्या कोठारांत झालेल्या धुळीच्या स्फोटात ३६ माणसं गेली. आपल्या डाळ मिलमधला भुसा त्याच जातीचा आहे. बूट पुलीवर फेरे मोजणारा सेन्सर बसवून घेतला. पट्टा मंदावला की मोटर आपोआप बंद होते. या एका गोष्टीवर शेठ आणि माझ्यात थोडी ताणाताणी झाली, कारण तिच्याने माल वाढत नाही. मी ती सोडली नाही.

सगळं बसवून झाल्यावर कट्टा घेतला. २३, २२, २३, २२, २२ सेकंद. ताशी ८ टन. नवा रोलर पहिल्यांदाच पूर्ण भरून चालला.

या जिल्ह्यात इतरत्र

हाच विचार वेगळ्या मालाला वेगळं उत्तर देतो, म्हणून ६२ हा आकडा कोणी उचलून नेऊ नये. साखर कारखान्यात हॉपरवरून आलेली साखर ग्रेडरपर्यंत, म्हणजे दाणे आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाळणीपर्यंत, चढवताना दाण्याची कड मोडली की त्याची चमक जाते आणि साखरेची धूळ वाढते. तिथे गोफणीपेक्षा राहाटाकडे झुकावं, वेग कमी ठेवावा. होटगीच्या बाजूला सिमेंट दळणारे कारखाने आहेत, फताटेवाडीला एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाची राख आहे. सिमेंट आणि राख हवा धरून पाण्यासारखी वाहते, जोरात फेकली तर ढग होतो आणि तो ढग उतरणाऱ्या बादल्यांबरोबरच खाली जातो. तिथे सलग बादल्यांचा, सावकाश एलिव्हेटरच शहाणा. गुळाची पावडर किंवा ओलसर पेंड असेल तर दोन्ही जाती कमी पडतात, बादली पालथी घालावी लागते.

डाळ मिलचं एक काम अजून बाकी आहे. चिकटा. प्लास्टिकच्या बादल्यांतही तीन महिन्यांनी तळाला पातळ थर दिसला, नखाने निघतो एवढाच, पण आहे. तेल लावलेली तूर आणि वाळलेली तूर एकाच एलिव्हेटरवरून जाते तोवर तो होणारच. तेलाच्या तुरीसाठी वेगळा, लहान, सावकाश चालणारा एलिव्हेटर लावावा असं मी सुचवलं आहे. शेठ म्हणाले, "पुढच्या सुगीला बघू." तोवर मामांनी दर पंधरा दिवसांनी, अमावास्या-पौर्णिमेला, बादल्या पुसून घ्यायचं ठरवलं आहे. त्याच दिवशी ते रबरी ओठाचं अंतरही मोजतात, झडप बंद करून धार किती सेकंद चालली ते बघतात आणि दोन्ही आकडे ऑइलपेंटने एलिव्हेटरच्या खांबावर लिहितात. परवा गेले तेव्हा शेवटची ओळ होती: १४ मिमी, १३ सेकंद.